केसाच्या निम्म्या जाडीचं बिल

बेंगळुरूत एचएसआर लेआउटला, बेळंदूरला किंवा व्हाइटफील्डला हजार चौरस फुटांचं टू बीएचके घर आतून रंगवायला काढा. कंत्राटदार हातात ठेवतो त्या कागदावरचा आकडा साधारण ४०-५० हजारांपासून सुरू होतो आणि लाखाच्या आसपास जाऊन टेकतो. पुण्या-मुंबईहून तिकडे गेलेला आपला माणूस कागद वरपासून खालपर्यंत वाचतो आणि हमखास विचारतो, "अहो, एवढा रंग लागतो तरी किती?"

फारच थोडा लागतो! रंगकामाच्या बिलातली पहिली गंमत इथेच आहे.

एक खोली घेऊ. १० बाय १२ ची, १० फूट उंच. जमीन किती? १२० चौरस फूट. आता भिंती मोजा. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, त्याला उंचीने गुणलं की ४४० चौरस फूट. वर छत आहेच, ते आणखी १२०. एकूण ५६०. त्यातून ७ बाय ३ चं एक दार आणि ४ बाय ४ ची एक खिडकी वजा केली, तरी ५२३ उरतात. पायाखाली १२० आणि अंगाभोवती ५२३, म्हणजे चौपटीहून जास्त! घर घेताना आपण सगळा भाव पायाखालच्या चौरस फुटांचा करतो. उरलेल्या पाच बाजू आपल्या हिशेबात नसतातच. रंगारी नेमक्या त्याच मोजतो. स्वयंपाकघरातल्या नि बाथरूममधल्या टाइल्स सोडा, भिंतभर कपाटं सोडा, तरी हजार चौरस फुटांच्या घरात रंगवायची जागा ३००० ते ३५०० चौरस फूट सहज भरते.

दार-खिडकी वजा करायची की नाही, यावरून घरोघरी हुज्जत होते. त्यावरही तोडगा काढून ठेवलेला आहे. बांधकामाच्या मोजमापाचं एक भारतीय मानक आहे, आयएस १२००. त्याचा साधारण नियम असा : अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचंच नाही, आणि त्याहून मोठं, ३ चौरस मीटरपर्यंतचं असेल, तर भिंतीच्या एकाच बाजूने वजा करायचं. असं अर्धवट का? कारण चौकटीभोवती भिंतीच्या जाडीचे काठ असतात, तेही रंगवावे लागतात. दुसऱ्या बाजूची न केलेली वजावट त्या काठांची मजुरी फेडून टाकते. टेप लावून काठ मोजत बसायला नको, भांडण नको. कुणा हुशार माणसाने केवढ्या वादावर एका ओळीत पडदा टाकलाय, बघा!

आता जागा कळली. त्यावर रंग किती बसतो?

चांगल्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हात देऊन साधारण १३० चौरस फूट भिंत होते. म्हणजे आपल्या ५२३ चौरस फुटांच्या खोलीला ४ लिटर पुरे. हा एक लिटर १३० चौरस फुटांवर पसरला की दोन्ही हातांचा मिळून ओला थर होतो मिलिमीटरच्या बाराव्या भागाएवढा. त्यातला निम्म्याहून जास्त भाग पाणी असतं, ते उडून जातं. मागे राहतो तो थर सुमारे ३० मायक्रॉनचा. असे ३३ थर एकावर एक रचले तर कुठे एक मिलिमीटर होईल. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे पाहुणे ज्याला "वा, काय सुंदर रंग आहे" म्हणतात, तो केसाच्या निम्म्याहूनही पातळ पापुद्रा आहे. अख्ख्या खोलीतला वाळलेला रंग खरवडून गोळा केला, तर फार तर दीड लिटर भरेल. एका तांब्याएवढ्या ऐवजाने खोलीच्या पाचही बाजू झाकल्या!

झाकल्या म्हणजे कशा? खाली करडं सिमेंट, जुन्या रंगाचे डाग, मुलांनी काढलेली खडूची चित्रं. एवढ्या पातळ पडद्याआड हे सगळं गडप होतं कसं?

याचं उत्तर प्रकाशाच्या वाटेत आहे. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना वळतो. किती वळेल, ते त्या पदार्थाच्या अपवर्तनांकावर ठरतं. पाण्याचा १.३३, खिडकीच्या काचेचा दीडच्या आसपास, हिऱ्याचा २.४२. हिऱ्याचं लखलखणं मुख्यतः त्या २.४२ मुळे. आणि रंगाच्या डब्यातल्या पांढऱ्या भुकटीचा, रुटाइल जातीच्या टायटॅनियम डायऑक्साइडचा? सुमारे २.७! हिऱ्यालाही मागे टाकणारा हा पदार्थ टनावारी विकला जातो आणि आपण तो भिंतीला फासतो. प्रकाशाचा किरण या कणांच्या गर्दीत शिरला की एका कणाकडून दुसऱ्याकडे भिरकावला जातो आणि सिमेंटपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर फेकला जातो. भिंतीची खबर घेऊन येणारा प्रकाशच उरत नाही, मग भिंत दिसणार कशी?

त्यातही कण केवढे असावेत याचं गणित आहे. ०.२ ते ०.३ मायक्रॉन, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मे. याहून मोठे केले तर भुकटी तेवढीच लागून झाकणं कमी होतं; फार बारीक केले तर कण प्रकाशाला जुमानेनासे होतात आणि रंग पारदर्शक व्हायला लागतो. रंगाच्या कारखान्यात भुकटी घोटण्याचा एवढा खटाटोप चालतो तो यासाठी.

ही शुभ्र भुकटी येते कुठून? काळ्या वाळूतून! केरळात कोल्लमजवळ चवऱ्याच्या किनाऱ्यावर वाळू काळीभोर दिसते. त्या काळेपणात इल्मेनाइट नावाचं खनिज आहे, लोखंड आणि टायटॅनियम एकत्र नांदणारं. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही ते सापडतं. चवऱ्याला केरळ मिनरल्स अँड मेटल्स ही सरकारी कंपनी त्यातलं लोखंड बाजूला काढते, उरलेल्या टायटॅनियमचा क्लोरीनशी संयोग घडवून त्याचा द्रव बनवते, तो ऊर्ध्वपातनाने शुद्ध करते आणि मग प्राणवायूशी भेट घालून देते. बाहेर पडते ती पांढरीशुभ्र पूड. रंगाच्या डब्यातल्या महागड्या मालांपैकी हा एक. स्वस्त आणि महाग रंगातला फरक बऱ्याच अंशी इथून सुरू होतो : डब्यात ही पूड किती, आणि साधी खडूची भुकटी किती?

थांबा, खडूला नावं ठेवायची घाई नको. आपल्या आज्या-पणज्यांनी टायटॅनियमचं नावही न ऐकता घरं पांढरीशुभ्र केली होती. दिवाळीच्या आधी चुना भिजवायचा, त्यात चिमूटभर नीळ घालायची आणि कुंच्याने भिंती पोतारायच्या. ज्यांनी हे केलंय किंवा पाहिलंय त्यांना आठवत असेल : ओला चुना मुळीच पांढरा दिसत नाही. कुंचा फिरवला तरी खालची जुनी भिंत दिसतच राहते आणि नवशिक्याला वाटतं, चुना पातळ झाला. सकाळी उठून पाहावं तर भिंत लख्ख! रात्रीत झालं काय?

रात्रीत पाणी गेलं आणि त्याच्या जागी हवा आली. चुन्याच्या कणांचा अपवर्तनांक दीडच्या थोडा वर. पाण्याचा १.३३, म्हणजे त्याच्याजवळचाच. त्यामुळे ओल्या चुन्यात प्रकाश फारसा न अडखळता आरपार जातो. हवेचा मात्र फक्त १. पाणी उडून कणांमध्ये हवेचे बारीक कप्पे तयार झाले की प्रकाश प्रत्येक कडेवर ठेचकाळतो आणि परत फिरतो. म्हणजे भिंत पांढरी केली ती अर्धी चुन्याने आणि अर्धी हवेने, आणि हवेचे पैसे पडत नाहीत!

आणि तो चुना मुळात चुनखडी. भट्टीत भाजून तिच्यातला कार्बन डायऑक्साइड हाकलला, पाण्यात विरवली, भिंतीला लावली. भिंतीवर बसल्याबसल्या ती हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेते आणि पुन्हा दगड होते. घरातल्या माणसांच्या श्वासातलाही त्यात थोडा असतोच. निळीची करामत वेगळी : पांढऱ्यात लपलेली पिवळट झाक निळा रंग खाऊन टाकतो आणि डोळा फसतो. भिंत खरं तर किंचित काळवंडलेली असते, पण आपण तिला जास्त पांढरी म्हणतो.

आजच्या स्वस्त डिस्टेंपरमध्ये हीच जुनी युक्ती वापरलेली असते. खडू भरपूर, चिकटवणारं द्रव्य कमी. वाळल्यावर कणांमध्ये हवा उरते आणि रंग छान झाकतो. मग महाग इमल्शन कशाला घ्यायचं? कारण हवेचे कप्पे म्हणजे छिद्रं. त्यात फोडणीचं तेल शिरतं, मुलांच्या हातांचा मळ शिरतो. ओल्या फडक्याने पुसायला जावं तर डागाबरोबर रंगही निघतो, आणि भिंतीला टेकलं तर पाठ पांढरी होते. डब्याची किंमत चढत जाते ती ही छिद्रं बुजवणाऱ्या द्रव्यापायीही, म्हणजे ॲक्रिलिक रेझिनपायी.

हे रेझिन इमल्शनमध्ये ज्या रूपात असतं, ते तर अफलातून आहे. प्लास्टिक पाण्यात विरघळत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. मग पाण्याच्या रंगात प्लास्टिक आलं कसं? विरघळून नव्हे, तर तरंगत. मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढे त्याचे मऊ गोळे पाण्यात अब्जावधींनी तरंगत असतात, आणि पाणी आहे तोवर एकमेकांना चिकटत नाहीत. भिंतीवर पाणी उडू लागलं की गोळे जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात, त्यांची गोलाई मोडते, मधल्या भेगा मिटतात. साबुदाणा जास्त भिजला आणि कढईत हलवायचा राहिला की सुटे दाणे मिटून त्यांचा एकच लगदा होतो, तसंच इथे मुद्दाम घडवून आणलेलं असतं. शेवटी एका गोळ्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्या शेजारच्या गोळ्यात शिरून गुंततात आणि अखंड पापुद्रा तयार होतो. आता वर कितीही पाणी ओता, ते गोळे पुन्हा सुटे होत नाहीत. पाण्यातून आलेला रंग पाण्याला दाद देत नाही! आणि हे सगळं आपण चहा पीत "अजून ओलाच आहे वाटतं" म्हणत असताना चाललेलं असतं.

यात पाणी वेळेवर बाहेर पडणं महत्त्वाचं. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंचावरचं बेंगळुरू या बाबतीत नशीबवान आहे. मुंबईच्या घामट हवेपेक्षा इथे रंग सुखाने वाळतो. तरी एक मेख आहे. या शहरात सरासरी सर्वांत जास्त पाऊस पडतो तो सप्टेंबरात, आणि दसरा-दिवाळीच्या रंगकामाची झुंबड उडते ती त्याच्या पाठोपाठ. भिंत वरून कोरडी, आतून ओली. अशा भिंतीवर अखंड पापुद्रा चढवला की आतलं पाणी बाहेर यायला धडपडतं आणि रंगाला फुगे येतात. म्हणून शहाणा कंत्राटदार दर सांगण्याआधी भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावतो. ओल निघाली तर रंगाचं बिल बाजूला राहतं आणि गळतीचं बिल सुरू होतं. नव्या घराचं गाऱ्हाणं आणखी वेगळं : ताज्या प्लास्टरचा अल्कधर्म इतका तीव्र असतो की तो रंगावर हल्ला करतो. त्यासाठी २८ दिवस तरी थांबा म्हणतात.

आता शेड. घरात सगळ्यांत जास्त चर्चा हिच्यावर झडते. नवरा, बायको, सासूबाई, मुलं आणि शेडकार्डावरचे दीड-दोन हजार चौकोन. दुकानात मात्र त्या दीड-दोन हजारांचा साठा नसतोच. पांढरा किंवा जवळजवळ रंगहीन असा बेस असतो आणि एका यंत्रात जेमतेम डझन-दीड डझन रंगद्रव्यांच्या टाक्या. यंत्र ठरलेल्या मापाने थेंब सोडतं, डबा गदगदा हलवतं, आणि दोन-चार मिनिटांत तुमची शेड तयार. फिकट शेड असेल तर अख्ख्या डब्यात काही मिलिलिटर रंगद्रव्य पुरतं. ज्यावर आठवडाभर वाद झाला, ते चमचाभर असतं!

त्या थेंबांतला निळा बहुधा फ्थॅलोसायनिन. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यात भलतंच रसायन बनवताना भांड्याचा काचेरी मुलामा तडकला, आतलं लोखंड उघडं पडलं आणि मालात निळसर घाण दिसू लागली. टाकून देण्याऐवजी रसायनशास्त्रज्ञांनी तिचा पिच्छा पुरवला. लोखंडाच्या जागी तांबं घातल्यावर असा निळा निघाला की उन्हातही टिकतो आणि थेंबभर पुरतो. १९३५ पासून तो बाजारात आहे. तुमच्या बेडरूमची आकाशी भिंत म्हणजे एका फुटक्या भांड्याची कृपा.

गडद शेड मात्र महाग पडते. भडक पिवळा किंवा लाल हवा असेल तर टायटॅनियमची पांढरी पूड घालता येत नाही, ती रंग फिका करते. पूड नाही म्हणजे झाकण्याची ताकद नाही, मग दोनाऐवजी तीन-चार हात. पूर्वी ही अडचण नव्हती. लेड क्रोमेट नावाचं झगझगीत पिवळं द्रव्य होतं : स्वस्त, ठसठशीत आणि एका हातात झाकणारं. पण त्यात शिसं होतं.

शिशाच्या या गोष्टीत बेंगळुरूचं नाव मोठं आहे. इथल्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. थुप्पिल वेंकटेश यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज फाउंडेशनबरोबर देशातल्या मोठ्या शहरांत रक्ततपासणीची मोहीम काढली. बारा वर्षांखालच्या ज्या मुलांचं रक्त तपासलं, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये शिसं तेव्हाच्या धोक्याच्या पातळीपेक्षा जास्त निघालं. १९९९ साली बेंगळुरूत या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेव्हा पेट्रोलातलं शिसं हा मोठा गुन्हेगार होता, ते २००० साली देशभर बंद झालं. रंगांची पाळी यायला आणखी वेळ लागला : २०१६ चा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला आणि घरगुती रंगात शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग ठरली. दार, खिडकी, ग्रिलचे जुने ऑइल पेंट घासताना तोंडाला मास्क आणि मुलं दुसऱ्या खोलीत, हे अजूनही पाळायला हवं; जुन्या थरांत ते शिसं तसंच बसलेलं असतं. गडद पिवळ्या भिंतीच्या बिलात जे एक-दोन हात जास्त दिसतात, ती विष काढून टाकल्याची किंमत आहे. असा खर्च आनंदाने द्यावा.

इथवर डब्याचं झालं. तरी बिलाचं कोडं सुटलेलं नाही. घरातली रंगवायची जागा ३२०० चौरस फूट धरली, तर साधारण २५ लिटर रंग पुरतो. मधल्या दर्जाचं इमल्शन लिटरला साडेतीनशे रुपये धरलं तर झाले पावणेनऊ हजार. उरलेले पैसे गेले कुठे?

हाताकडे. आणि इथे जे गणित निघतं, त्याने माझी तर बोटं तोंडात गेली.

पूर्ण काम म्हणजे काय काय? आधी पुट्टी, पत्र्याच्या पट्टीने ओढलेली. ही पुट्टी पांढऱ्या सिमेंटची. साध्या सिमेंटचा करडेपणा मुख्यतः त्यातल्या लोखंडाचा, तेवढं लोखंड वगळलं की सिमेंट पांढरं होतं. पुट्टी वाळली की पुन्हा पुट्टी. मग पॉलिश पेपरने घासणं. मग प्रायमर, भिंतीने सगळीकडे सारखंच पाणी प्यावं म्हणून. मग उरलेले खड्डे भरून पुन्हा घासणं. मग रंगाचे दोन हात. मोजा : सात वेळा माणसाचा हात प्रत्येक चौरस इंचावरून फिरतो. ३२०० गुणिले ७ म्हणजे २२,४०० चौरस फूट. १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. म्हणजे तुमच्या टू बीएचकेच्या रंगकामात चार माणसं वीस गुंठ्यांवरून हात फिरवतात! अर्धा एकर. तोही आडवा नव्हे, उभा. आणि छताचा भाग तर मान मोडून, डोक्यावर.

एवढी घासाघीस कशाला? तर त्या तीस मायक्रॉनांसाठी. इतका पातळ पापुद्रा खालचा एकही खड्डा भरून काढू शकत नाही. उलट तो सगळी चुगली करतो. रंगारी भिंत कशी तपासतो, कधी पाहिलंय? तो समोर उभा राहत नाही. वायरला लोंबणारा बल्ब भिंतीला जवळजवळ चिकटवून धरतो, गाल भिंतीकडे नेतो आणि तिरपा उजेड भिंतीवरून सरकवत जातो. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर एकदम टेकड्या आणि दऱ्या उगवतात, प्रत्येकीची लांब सावली पडलेली. मग खिशातली पेन्सिल निघते, बारीक गोल पडतात, त्या गोलांवर पट्टी फिरते. हल्ली फॉल्स सीलिंगच्या कडेने एलईडीच्या पट्ट्या लावायची हौस आहे. तो उजेड असाच तिरपा, बारा महिने. म्हणजे ज्याच्या घरी जास्त दिवे, त्याची पुट्टी जास्त, त्याचं बिल जास्त.

आता कागद मांडू. बेंगळुरूत आजकाल कानावर येणारे ढोबळ दर असे : जुनी भिंत बरी असेल, थोडी डागडुजी करून दोन हात द्यायचे असतील, तर चौरस फुटाला १२ ते २० रुपये, पूर्ण पुट्टी-प्रायमरपासून काम असेल तर २५ ते ४० पर्यंत. पंधराने धरलं तर ३२०० चौरस फुटांचे ४८ हजार, तिसाने धरलं तर ९६ हजार. कुशल रंगाऱ्याची रोजंदारी आठशे ते बाराशेच्या घरात. साध्या फेररंगाला चार माणसं सहा दिवस लागली तर चोवीस हजारांच्या आसपास मजुरीच होते. ही माणसं बिहारची, ओडिशाची, बंगालची, नाहीतर उत्तर कर्नाटकातली. उरलं त्यात प्रायमर, पुट्टी, पॉलिश पेपर, सामान झाकायचं प्लास्टिक, देखरेख, नफा. वर १८ टक्के जीएसटी; रंगांवर जुलै २०१८ पर्यंत तो २८ होता. म्हणजे ४८ हजारांच्या कागदात खुद्द रंग जेमतेम पाचवा हिस्सा.

त्या पाचव्या हिश्शातही एक गुपित असतं. रंगाची बादली उघडणारा रंगारी झाकणाखालून एक टोकन काढून हळूच खिशात टाकतो. कंपनीने ते खास त्याच्यासाठी ठेवलेलं असतं, त्याचे पैसे मिळतात. रंग निवडतो मालक, पण "साहेब, हाच घ्या" म्हणतो तो रंगारी, हे कंपन्यांना आपल्या आधी कळलं होतं.

आणि बेंगळुरूचा स्वतःचा एक रिवाज आहे. दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट ही या शहराची जुनी ओळख, आणि घर सोडताना त्यातून एका महिन्याचं भाडं 'पेंटिंग चार्जेस' म्हणून कापून घेणं ही दुसरी. पुण्याहून आलेल्या पोराला हा शुद्ध अन्याय वाटतो. भिंतीवर डाग नसला तरी कापतात, आणि कापून रंग लावतातच असं नाही. भाडं ४० हजार धरलं तर तो आकडा साध्या फेररंगाच्या खर्चाच्या जवळपास जातो खरा, पण जो भाडेकरू पाच वर्षं राहिला आणि जो अकरा महिन्यांत गेला, दोघांना एकच काट, ही गोष्ट खटकावी अशीच. करारावर सही करण्याआधी त्या ओळीवर बोलणी करावीत. सही झाल्यावर ती भिंतीवरच्या रंगापेक्षा पक्की असते.

एक मजा मात्र पाहा. नोकऱ्या बदलत, घरं बदलत पळणाऱ्या या शहरात एखादा फ्लॅट आठ भाडेकरूंच्या पैशांनी आठ वेळा रंगवला गेला, असं धरू. प्रत्येक वेळी ३० मायक्रॉन, म्हणजे एकूण २४० मायक्रॉन. मिलिमीटरच्या पाव भागाहूनही कमी! आठ कुटुंबं आली नि गेली, आठ महिन्यांची भाडी कापली गेली, आणि भिंत पाव मिलिमीटरही पुढे सरकली नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोटेशन हातात आलं की दराकडे नंतर बघा. आधी विचारा : पुट्टी किती वेळा, घासणार किती वेळा, प्रायमर आहे का, हात किती, ओल मोजली का? दोन कोटेशनांत दहा हजारांचा फरक असेल तर तो बहुतेक वेळा डब्यात सापडत नाही, सातातले दोन हात गाळलेले असतात. महागडं इमल्शन स्वयंपाकघरात आणि मुलांच्या खोलीत लावा, तिथे छिद्र नसणं कामाचं. छताला कुणी हात लावत नाही, तिथे हवेचे कप्पे असलेला स्वस्त रंग बिनधास्त चालतो. गडद भिंत हवीच असेल तर एकच करा. आणि पैसे कमी करायचेच असतील तर शेडपासून ब्रँडपर्यंत कुठेही करा, पॉलिश पेपरवर करू नका. तीस मायक्रॉनांना खोटं बोलता येत नाही.